बाळंतिणीच्या मनाची बोली

बाळंतिणीच्या शरीरासाठी आपल्या मराठीत शब्दांची किती श्रीमंती आहे! बाज, शेक, शेगडी, धुरी, शेपा, अळीव, डिंकाचे लाडू, पोटाचा पट्टा, कानाला बांधायचे फडके, पाचवी, बारसे, सव्वा महिना. तिने काय खावे, कोणत्या कुशीवर निजावे, केस केव्हा धुवावेत, पाण्यात हात केव्हा घालावा, या प्रत्येक गोष्टीला नियम आहे आणि नियमाला शब्द आहे. पण त्या सव्वा महिन्यात तिच्या मनाचे काय होते, हे विचारण्याची रीत मात्र आपल्याकडे नाही. ‘मायलेकरं सुखरूप हैत ना?’ एवढा एकच प्रश्न दारात विचारला जातो आणि ‘हो’ एवढेच त्याचे उत्तर असते. या ‘सुखरूप’ शब्दात मन धरलेले नाही.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. मराठी आणि मानसशास्त्र हे माझे विषय. वैद्यकाच्या प्रांतात मी का शिरावे, असा प्रश्न आमच्या प्राध्यापकांना पडेल. त्याचे उत्तर असे, की हा विषय निम्मा वैद्यकाचा असला तरी निम्मा भाषेचा आहे, आणि तो भाषेचा भाग वैद्यकाच्या मंडळींनी आजवर आपल्याकडे मागितलेला नाही. बाळंतिणीची व तान्ह्या बाळाची काळजी घेणाऱ्या आशाताई, नर्सबाई, अंगणवाडीताई आणि डॉक्टर यांना मनाच्या आजाराचे शिक्षण द्यायला हवे, हे आता सर्वत्र मान्य होत आहे. माझे म्हणणे त्यापुढचे आहे. ते शिक्षण आपल्या जिल्ह्याच्या बोलीत, आपल्या जिल्ह्याच्या चालीरीती आणि आपल्या जिल्ह्याचे ऊसतोडीचे वर्ष ध्यानात घेऊन दिले नाही, तर ते दिले काय आणि न दिले काय, सारखेच.

प्रथम आजार कोणता, ते पाहू. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास पुष्कळ बायकांना उगाच रडू येते, चिडचिड होते. आठ-पंधरा दिवसांत ते आपोआप ओसरते. तो आजार नव्हे. दुसरा प्रकार पंधरवड्यानंतरही टिकतो आणि महिनोन् महिने राहतो. झोप लागत नाही, अन्न गोड लागत नाही, लेकराला घ्यावेसे वाटत नाही, आपण असून नसून सारखेच असे वाटते. हे नैराश्य होय. गर्भारपणातच त्याची सुरुवात पुष्कळदा झालेली असते. तिसरा प्रकार हजारी एक-दोघींना होणारा, पण सर्वांत भयंकर. बाई असंबद्ध बोलते, भलतेच ऐकू येते, लेकराविषयी भलत्या शंका घेते. तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे लागते. आपल्या देशातील निरनिराळ्या अभ्यासांची एकत्र बेरीज २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार बाळंतपणानंतरच्या नैराश्याचे प्रमाण शेकडा २२ आहे, म्हणजे जवळजवळ पाच बाळंतिणींमागे एक. आपल्या गावात या वर्षी पन्नास बाळंतपणे झाली असतील, तर त्यांतल्या दहा जणी कोण, हे आपल्यापैकी कोणाला सांगता येईल काय?

आणि हा केवळ आईचा प्रश्न नाही. तान्हे बाळ आईच्या चेहऱ्यात स्वतःला शोधत असते. १९७० नंतरच्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. बाळाशी हसत-बोलत असलेल्या आईला त्याने दोन-तीन मिनिटे चेहरा अगदी निर्विकार ठेवायला सांगितले. बाळाने आधी हसून पाहिले, हात हलवले, आवाज काढले आणि अखेर तोंड फिरवले. दोन-तीन मिनिटांत जर एवढे घडते, तर आईचे मन सहा-सहा महिने विझलेले असेल तेव्हा लेकराचे काय होत असेल? पाळण्यातल्या जिवालाही मन असते, आणि ते आईच्या मनाच्या आधाराने वाढते, एवढे शास्त्राने आता निश्चित केले आहे. आपल्या आज्या ‘माय दुखी तर लेकरू दुखी’ असे जे समजत आल्या, त्याहून हे फारसे वेगळे नाही.

आपल्या भाषेच्या शेजारी, गोव्यात, या विषयावर मोठे काम झाले. म्हापशाच्या रुग्णालयात येणाऱ्या २७० गरोदर स्त्रियांचा विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाठपुरावा केला आणि २००२ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी शेकडा २३ स्त्रियांना नैराश्य आढळले. त्याची कारणे जी निघाली ती वाचून मला आपलाच जिल्हा आठवला. पैशाची ओढ, नवऱ्याची मारहाण, आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी! २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे अवघ्या ८०७ मुली हा आपल्या बीड जिल्ह्याचा आकडा होता. महाराष्ट्रात सर्वांत खालचा. २००१ साली तो ८९४ होता. या आकड्यावर त्या काळी पुष्कळ लिहिले गेले, ते न जन्मलेल्या मुलींविषयी. पण ज्या मुली जन्मल्या त्यांच्या आयांचे काय? दुसरी मुलगी झाली म्हणून ज्या बाजेभोवती कोणी हसत नाही, त्या बाजेवरच्या बाईचे मन कोणी तपासले?

तपासण्याची संधी नाही असे म्हणता येणार नाही. २०११ पासून देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर सहा वेळा, म्हणजे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही. जगातल्या पुष्कळ श्रीमंत देशांतील बाळंतिणीच्या दारी इतक्यांदा कोणी येत नाही. त्या वेळी बाळाचे वजन होते, ताप पाहिला जातो, नाळ पाहिली जाते. आईला किती वेळा जेवलीस, ताप आहे का, दूध येते का, असे विचारले जाते. मनाविषयी जो प्रश्न त्या तपासणीत आहे तो एवढाच, की बाई असंबद्ध बोलते का किंवा तिला झटके येतात का. म्हणजे हजारी एक-दोघींना होणाऱ्या आजाराची नोंद आहे, आणि पाचांमागे एकीला होणाऱ्याला जागाच नाही. घर पेटल्यावर घंटा वाजवायची व्यवस्था केली, पण धूर ओळखायला कोणी शिकवले नाही.

माझी थोरली मावशी आमच्याच तालुक्यात आशा आहे. तालुक्याला एकदा मनाच्या आजारांवर अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण झाले, तेथून ती एक छापील कागद घेऊन आली. त्यावर ‘औदासीन्य’, ‘स्वारस्याचा अभाव’, ‘निरर्थकतेची भावना’ असे शब्द होते. मी मराठीची विद्यार्थिनी म्हणून तिने मला अर्थ विचारला. मी सांगितला. तेव्हा ती म्हणाली, “अगं, असं कोण बोलतंय? आपल्याकडं बाई म्हणती, मन लागंना. जीव घाबरा होतोय. काळजात धस्स होतंय. डोक्यात इचार थांबंनात. लेकरू परक्याचं वाटतंय. हे कागदावर कुठं हाय?” मी तो कागद पुन्हा पाहिला. कुठेही नव्हते.

हा दोष त्या कागदाचा एकट्याचा नाही. नैराश्य ओळखण्याची दहा प्रश्नांची एक पट्टी १९८७ साली स्कॉटलंडात तयार झाली आणि एडिनबरोच्या नावाने ती जगभर गेली. पट्टी चांगली आहे, अनेक भाषांत तिचा उपयोग झालेला आहे. पण तिच्यातील एका प्रश्नात कामे व अडचणी आपल्या अंगावर चढून बसल्याच्या अर्थाचा इंग्रजी वाक्प्रचार आहे. त्याचे शब्दशः मराठी केले तर काय होईल? आपल्याकडे ‘अंगावर’ या शब्दाला बाळंतिणीच्या खोलीत स्वतःचे अर्थ आहेत. अंगावर पाजणे, अंगावरून जाणे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दुखणे अंगावर काढणे. प्रश्न विचारणारी एक विचारील आणि उत्तर देणारी दुसरेच सांगेल. म्हणून भाषांतर पुरेसे नाही. गावातल्या बायकांकडून शब्द घ्यायचे, त्या शब्दांचे प्रश्न करायचे, ते पुन्हा गावात विचारून पाहायचे, आणि मगच ते आशाताईच्या हाती द्यायचे, असा हा उलटा प्रवास आहे.

ज्या अंबाजोगाईचे नाव मुकुंदराजांमुळे मराठीच्या इतिहासात पहिल्या पानावर आले, त्या जिल्ह्याला हे नव्याने सांगायला नको. गूढ ज्ञान लोकांच्या भाषेत सांगता येते, अशी त्या ग्रंथकाराची श्रद्धा होती. महानुभावांच्या परंपरेत नागदेवाचार्यांनी शिष्यांच्या संस्कृत लेखनाला आडकाठी केली, कारण त्यामुळे साध्यासुध्या बायाबापड्या ज्ञानाला मुकतील, ही कथा आपण पहिल्या वर्षालाच शिकतो. आठशे वर्षांपूर्वी संस्कृत होती त्या जागी आज इंग्रजी व तिच्यावरून बेतलेली सरकारी मराठी आहे, एवढाच फरक.

बोली न समजल्याने काय होते याचे एक उदाहरण देते. आपल्याकडील पुष्कळ बायका ‘अंगावरून पांढरं जातंय’, ‘कंबर धरतीय’, ‘हातापायाची आग होतीय’ अशा तक्रारी घेऊन दवाखान्यात जातात. गोव्यातच झालेल्या नंतरच्या एका अभ्यासात असे दिसले, की पांढरे जाण्याच्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी अधिक आहे. म्हणजे बाई शरीराच्या भाषेत मनाचे सांगत असते, कारण शरीराचे दुखणे सांगण्याची तिला मुभा आहे आणि मनाचे सांगण्याची नाही. ऐकणाऱ्याला ही भाषा येत नसेल तर तो एकतर गोळ्या देतो किंवा त्याहून वाईट काही करतो. २०१९ साली राज्य शासनाने नेमलेल्या समितीपुढे आले, की आपल्या जिल्ह्यातील पाहणी केलेल्या ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली होती. त्या प्रत्येकीचे कारण मनाचे होते असे मी मुळीच म्हणत नाही. त्यात खाडा पडू नये ही धास्ती होती, गरिबी होती, कर्करोगाची घातलेली भीती होती आणि काही ठिकाणी निव्वळ लोभही होता. पण एवढ्या बायका तक्रार घेऊन गेल्या तेव्हा ‘बाई, घरी कसं चाललंय?’ असे विचारणारे किती भेटले असतील?

आता चालीरीतींकडे वळू. आमच्या पिढीतील शिकलेल्या मुलामुलींना जुने ते सारे अंधश्रद्धा वाटते, आणि घरच्या वडीलधाऱ्यांना ते सारे पवित्र वाटते. आरोग्याचे शिक्षण देणाऱ्याने या दोहोंपैकी एकही बाजू घेऊ नये. त्याने जुन्या चालींचे तीन ढीग करावेत. पहिला ढीग उपकारक चालींचा. पहिले बाळंतपण माहेरी, सव्वा महिना कामाला सुटी, रोज तेल लावून मायलेकरांची अंघोळ, बाजेशेजारी सोबतीला कोणीतरी बाई, हे सारे मनाला जपणारे आहे. परदेशांत एकट्या पडलेल्या आईसाठी मंडळे काढावी लागतात, ते काम आपल्याकडे मावशी, आत्या आणि शेजारीण करीत आल्या. दुसरा ढीग निरुपद्रवी चालींचा. पाचवीला सटवाई पूजली, मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली, बाळाच्या गालाला तीट लावली, तर कोणाचे काही बिघडत नाही. उलट सटवी लेकराचे नशीब लिहायला येते म्हणून घरच्यांनी जागून काढलेली रात्र ही त्या बाईला आपल्या लेकराचे मोल सांगणारी रात्र असते. तेथे जाऊन नाक मुरडणाऱ्या नर्सबाईला पुढच्या खेपेला दारातच पाणी मिळेल, आणि मनातले कोणी सांगणार नाही.

तिसरा ढीग घातक चालींचा. बंद खोलीत कोंडलेला धूर, विटाळ म्हणून दूर बसवणे, पहिले दूध टाकून देणे, मुलगी झाली म्हणून लाडवाचे सामान आखडते घेणे, आणि बाई गप्प झाली किंवा बडबडू लागली की ‘बाहेरचं झालंय’ म्हणून तिला मारहाणीच्या उपचाराला नेणे. संस्कृतीचा मान ठेवणे म्हणजे या तिसऱ्या ढिगापुढे मान तुकवणे नव्हे. हे मी मुद्दाम सांगते, कारण ‘आमची संस्कृती’ या शब्दाच्या आड बाईचे हाल लपवणारे आपल्यात कमी नाहीत. मुलगी नको ही सुद्धा आपली चालच आहे, आणि १८ वर्षांच्या आत मुलीचे लग्न उरकणे हीही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत आपल्या जिल्ह्यातील विशीच्या बायकांत दहांपैकी चौघींहून अधिक जणींची लग्ने त्या वयाआधी झालेली होती. सतराव्या वर्षी आई झालेल्या मुलीचे मन हे निम्मे अजून लेकराचेच असते.

परंतु ‘बाहेरचं झालंय’ या समजुतीशी भांडायचे कसे, हेही शिकावे लागते. एका गावात एक बाळंतीण दुसऱ्या मुलीनंतर बोलेनाशी झाली, लेकराला कडेवर घेईना. सासू तिला देवर्षीकडे नेणार होती. मावशीने सासूशी वाद घातला नाही. ती म्हणाली, “आत्याबाई, अंगारा लावा, माझी ना नाही. पण तिला झोप लागंना, त्याच्यासाठी दवाखान्यात बी नेऊ. झोप आली तर दूध येईल, दूध आलं तर नात वाढंल.” सासू तयार झाली. ही युक्ती मावशीला कोणत्याही कागदाने शिकवली नव्हती. मात्र जी गोष्ट एका हुशार बाईला अनुभवाने सुचली, ती जिल्ह्यातील प्रत्येक आशाताईला सुचेल असे धरून चालणे म्हणजे बाळंतिणीला नशिबावर सोडणे होय. चांगले प्रशिक्षण म्हणजे अशा मावश्यांचे शहाणपण गोळा करून, शास्त्राच्या कसाला लावून, इतरांना देणे.

शेजारच्या पाकिस्तानात, रावळपिंडीच्या ग्रामीण भागात, नेमके हेच झाले. आतिफ रहमान व सहकाऱ्यांनी शाळा शिकलेल्या तेथील आरोग्यसेविकांना आधी दोन दिवस व पुढे एक दिवस असे शिक्षण दिले आणि दर महिन्याला अर्धा दिवस त्यांच्याशी चर्चा ठेवली. या बायांनी घरी जाऊन ‘तुला आजार आहे’ असे म्हटले नाही. लेकरू चांगले वाढावे म्हणून आपण बोलू या, असे म्हटले. त्याला सासूचीही हरकत नव्हती. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा सहा महिन्यांनंतर नैराश्य उरलेल्या आयांचे प्रमाण एरवीच्या गावांत शेकडा ५३ आणि या गावांत शेकडा २३ होते. झारखंड व ओडिशातील आदिवासी भागात ‘एकजूट’ संस्थेने बायकांचे गट बसवून गोष्टी व खेळांच्या आधारे बाळंतपणाचे प्रश्न चर्चेला घेतले. तेथे नवजात बालकांचे मृत्यू तर घटलेच, पण तिसऱ्या वर्षी आयांचे मध्यम नैराश्य निम्म्याहून कमी झाले. कोणी मोठा डॉक्टर तेथे मुक्कामाला नव्हता.

आणि एवढ्या लांब तरी कशाला जावे? आपल्या आष्टी-पाटोद्याच्या शिवेला लागून जामखेड आहे. तेथे १९७० साली रजनीकांत व मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने गावोगावच्या, बहुतेक निरक्षर, बायांना आरोग्याचे शिक्षण द्यायला सुरुवात केली. निरनिराळ्या जातींच्या त्या बाया एकत्र जेवल्या, एकत्र राहिल्या. आरोग्य शिकण्याआधी त्या स्वतःला माणूस म्हणून मान द्यायला शिकल्या. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरची माणसे जामखेडला शिकायला येऊ लागली. गडचिरोलीत अभय व राणी बंग यांनी गावातल्याच आरोग्यदूतांकडून नवजात बालकांचे मृत्यू शेकडा ६२ ने उतरवून दाखवले, ते १९९९ साली प्रसिद्ध झाले, आणि आज देशभर आशाताई ज्या घरभेटी देतात त्यांचे मूळ तेथेच आहे. शरीराच्या बाबतीत महाराष्ट्राने हे करून दाखवले आहे. मनाच्या बाबतीत ते होणार नाही, असे मानायला काहीच आधार नाही.

मात्र आपल्या जिल्ह्याची एक अडचण अशी आहे, की तिचे उत्तर जामखेडला वा रावळपिंडीला तयार मिळणार नाही. दसरा झाला की आपली गावे ओस पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, ज्यांना आपण ‘कोयता’ म्हणतो, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात आणि चैत्र-वैशाखात परततात. गरोदर बाई जाते, ओली बाळंतीणही जाते. माहेरची बाज, सव्वा महिना, तेल-अंघोळ हा जो आपल्या संस्कृतीतला उपकारक ढीग, तोच तिच्या वाट्याला येत नाही. तिला पाचटाची कोपी मिळते. पहाटे मोळ्या बांधायच्या, लेकरू बांधावर झोळीत ठेवायचे, एक दिवस चुकला तर खाड्याचे पैसे कापले जायचे. गावाच्या यादीत तिच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ असे लिहिले जाते आणि आशाताईच्या सहा भेटी कागदावरच राहतात. ज्या गावी ती असते तेथील आशाताईच्या यादीत तिचे नाव नसते. म्हणून बीडच्या प्रशिक्षणाचे वेळापत्रक ऊसतोडीच्या हंगामाचे हवे. दसऱ्याआधी प्रत्येक गरोदर बाईशी बोलणे व्हावे, तिच्या कार्डावर मनाची नोंद असावी, फडाजवळच्या आशाताईला ती वाचता यावी. टोळीत दरवर्षी जाणारी एखादी जाणती बाई निवडून तिलाही हे शिक्षण द्यावे. कोपीवर परकी नर्सबाई एक वेळ जाईल, टोळीतली मावशी रोज असते.

भाषेचा प्रश्न येथेही संपत नाही. तांड्यावर गोरमाटी बोलली जाते, पारधी वस्तीवर पारधी. आणि बोलीइतकाच प्रश्न उंबऱ्याचा आहे. कोणाच्या घरात आपण बाजेजवळ बसतो आणि कोणाच्या घरी दारातूनच वजनकाटा पुढे करतो, कोणाच्या घरचे पाणी पितो आणि कोणाकडे ‘आताच प्याले’ म्हणतो, हे ती बाळंतीण पाहत असते. जिच्या हातचे पाणी आपल्याला चालत नाही, तिने मनातले आपल्याला सांगावे ही अपेक्षा कशी करायची? चालीरीतींचा अभ्यास शिकवताना आपल्या स्वतःच्या चालीरीती आरशात दाखवणे हा त्या शिक्षणाचा पहिला धडा असावा. प्रसूतिकक्षात कळा देणाऱ्या बाईवर वसकन ओरडणाऱ्या कर्मचाऱ्यांनाही तो द्यावा.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की आशाताईंवर आधीच कामांचा डोंगर आहे, त्यात हे आणखी एक कशाला? आक्षेप खरा आहे. त्यांना ‘स्वयंसेविका’ म्हणायचे, पगाराऐवजी मोबदला द्यायचा आणि नवी योजना निघाली की नवा तक्ता हाती द्यायचा, ही रीत अन्यायाची आहे. म्हणून माझी मागणी नव्या तक्त्याची नाहीच. ठरलेल्या सहा भेटींत दोन प्रश्न नीट विचारता यावेत, सासू शेजारी असताना काय बोलावे व तिला कोणत्या निमित्ताने बाहेर पाठवावे, ‘रडू नको’ न म्हणता पाच मिनिटे ऐकावे कसे, ‘जिवाचं काही करून घ्यावं असं वाटतं का’ हे न घाबरता कसे विचारावे, एवढे शिकवावे, आणि त्या वेळेचा मोबदला द्यावा. जी दिवसभर दुसऱ्यांचे ऐकते तिचे ऐकणारेही महिन्यातून एकदा कोणी असावे.

दुसरा आक्षेप असा, की आजार ओळखला तरी पुढे काय? डॉक्टर कोठे आहेत? तेही खरे. पण अगदीच काही नाही असे नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात आहे. अंबाजोगाईला १९७४ पासून स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. २०२२ पासून १४४१६ हा फुकट दूरध्वनी क्रमांक आहे, तेथे मनाचे बोलता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर असे सांगितले आहे, की उपचारासाठी दाखल झालेल्या आईपासून तिचे तीन वर्षांखालील मूल सामान्यतः तोडू नये. बंगळूरच्या निम्हान्समध्ये मायलेकरांसाठी वेगळा कक्ष २००९ साली सुरू झाला. तसा एक छोटा कक्ष अंबाजोगाईला का असू नये? कायदा आहे, दवाखाना आहे, रोज दारात जाणारी बाईही आहे. या तिघांना जोडणारे शब्द तेवढे नाहीत.

ते शब्द गोळा करणे हे कला महाविद्यालयाचे काम आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते. जात्यावर बसलेल्या बायकांनी आपले दुःख ओवीत घातले. गी पॉइटव्हिन व हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातील अशा लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि १९९६ साली आपल्या माजलगावच्या भीमनगरातही ध्वनिमुद्रण झाले. जाती गेली, तसे ते दुःख सांगण्याचे ठिकाणही गेले. दुःख मात्र राहिले. आपल्या मराठी विभागाने येत्या वर्षी एक शब्दसंग्रह हाती घ्यावा. प्रत्येक विद्यार्थिनीने आपल्या गावातील पाच बायकांना, त्यांचे नाव-गाव न लिहिता, विचारावे, की बाळंतपणात मनाला कसं व्हायचं, आणि त्याला तुम्ही काय म्हणायच्या? तांड्यावरच्या मुलींनी गोरमाटी शब्द आणावेत. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर या वेळी रस्ता दुरुस्तीऐवजी यासाठी ठेवता येईल. मानसशास्त्र विभागाने त्या शब्दांची लक्षणांशी जुळणी करावी आणि तो संग्रह अंबाजोगाईच्या डॉक्टरांपुढे व तालुक्याच्या आशाताईंपुढे ठेवावा. मुलांनीही यात यावे. उद्या बाजेजवळ बाप म्हणून उभे राहायचे ते त्यांनाच.

मावशीने तो छापील कागद अजून जपून ठेवला आहे. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला तिने आपल्या अक्षरात गावातल्या बायकांचे शब्द लिहायला सुरुवात केली आहे. मी मोजले तेव्हा एकतीस झाले होते. हा अंक आपल्या हाती पडेल तोवर उन्हाळ्याची सुटी लागलेली असेल आणि फडावरून टोळ्या परत आलेल्या असतील. शब्द विचारायला जाण्यासारखे याहून चांगले दिवस नाहीत.